पणजोबा गिरणीत होते, एवढंच माहितीये, पुढे कसं शोधू?

पणजोबा कोकणातून मुंबईत आले आणि गिरणीत लागले, यापलीकडे घरात कुणाला काही माहीत नाही असं तुम्ही म्हणताय, पण गिरणी हाच मोठा धागा आहे बघा. आधी घरातली जुनी ट्रंक उघडा. पगाराची पावती, पीएफची स्लिप, हजेरीचं कार्ड, काहीही चालेल, त्यावर खातं, म्हणजे गिरणीतला विभाग, लिहिलेलं असतं. आमच्या पणजोबांच्या कार्डावर ‘साचा खातं’ होतं म्हणजे ते मागाच्या, विणकामाच्या खात्यात होते हे कळलं, आणि घरात तर ते जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते एवढंच माहीत होतं! ते कार्ड हातात धरून आई कितीतरी वेळ गप्प बसली होती.

मग आजोबांच्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा मागा, त्यात जन्मगाव मिळतं आणि कधीकधी वडिलांचा धंदाही. गाव कळलं की तहसील कार्यालयात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, त्यात जुने जन्म-मृत्यू असतात, आणि जोडीला जमिनीचे जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, बघा, वारसांची नावं तिथे सापडतात. जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडीत असतात, वाचणारा माणूस सोबत न्या. आडनावावर अडून बसू नका हां, गावाकडे एक आणि मुंबईत दुसरं असं खूप घरांत झालंय. आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे, म्हणजे तिथल्या पुरोहितांकडे, गावाप्रमाणे वंशावळीच्या वह्या असतात, घरातलं कुणी तिथे विधीला गेलं असेल तर पिढ्यांची नावं मिळू शकतात.

पण सगळ्यात आधी घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाशी बोला, याच रविवारी.