चाळीस पानं सिलेक्ट करायला माउस ओढत बसू नका

तुमची अडचण अशी आहे: वर्डच्या फाइलमधला बाराव्या पानापासून बावन्नाव्या पानापर्यंतचा मजकूर दुसऱ्या फाइलमध्ये न्यायचाय. माउसने ओढायला लागलं की पानं सुसाट पळतात, शेवट मागे राहतो, आणि परत वर येताना बोट सुटलं की पहिल्यापासून सुरू.

सांगलीत विश्रामबागेत माझं टायपिंग-डीटीपीचं दुकान आहे. सोसायट्या-पतसंस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची असते, त्यामुळे ऑगस्टमध्ये सगळे एकदमच येतात आणि "मागच्याच अहवालात आकडे बदला" म्हणतात. दिवसभर इकडचं उचलून तिकडं टाकायचं काम. माउस ओढत बसलो असतो तर मनगट कधीच कामातून गेलं असतं.

सुरुवातीच्या अक्षराआधी एकदा क्लिक करा आणि माउस सोडून द्या. चाक फिरवत, चहा पीत बावन्नाव्या पानावर जा. शिफ्ट दाबून ठेवा आणि शेवटच्या अक्षरानंतर क्लिक करा. झालं. दोन ओळी जास्त आल्या? शिफ्ट दाबूनच योग्य जागी पुन्हा क्लिक करा. सुरुवात हलत नाही, फक्त शेवट सरकतो. लिबरऑफिस रायटर आणि गूगल डॉक्समध्येही हेच चालतं.

यात एकच धोका, मधे कुठेतरी चुकून साधा क्लिक झाला की सुरुवात हरवते. म्हणून मी वर्डमध्ये एफ८ वापरतो. सुरुवातीला कर्सर ठेवून एफ८ एकदा दाबा. आता शिफ्ट धरायची गरज नाही. जिथे क्लिक कराल तिथपर्यंत सिलेक्ट होतं. कंट्रोल-जी दाबून पान नंबर ५३ दिला तर ५३व्या पानाच्या माथ्यापर्यंत, म्हणजे ५२ अख्खं येतं. एंटर दाबलं तर परिच्छेद संपेपर्यंत, टिंब दाबलं तर पुढच्या टिंबापर्यंत. काम झालं की एस्केप, नाहीतर पुढचं प्रत्येक बटण सिलेक्शनच वाढवत नेतं आणि माणसाला वाटतं कीबोर्ड बिघडला. काही लॅपटॉपवर एफ८सोबत एफएन दाबावं लागतं.

एफ८ लागोपाठ दाबलं तर दुसऱ्यांदा शब्द, तिसऱ्यांदा वाक्य, चौथ्यांदा परिच्छेद सिलेक्ट होतो. आपल्याकडे वाक्याच्या भानगडीत मात्र पडू नका. "मु. पो. अमुक, ता. मिरज, जि. सांगली" असला मजकूर असेल तर वर्डला प्रत्येक टिंबाला वाक्य संपल्यासारखं वाटतं आणि हातात नुसतं "मु." येतं.

तुमच्या चाळीस पानांत ताळेबंदाचे तक्ते असतील तर शेवट तक्त्याच्या पोटात करू नका. मजकुरापासून सुरू झालेलं सिलेक्शन तक्त्यात घुसलं की वर्ड ओळीच्या ओळी उचलतं, अर्धी ओळ देत नाही. तक्त्याखालच्या रिकाम्या ओळीवर थांबा. कॉपी करण्याआधी खाली स्टेटस बारवर नजर टाका, एकूण शब्दांपैकी किती सिलेक्ट झालेत ते तिथे दिसतं. चाळीस पानांना तीनशेच शब्द दिसले तर कुठेतरी सुरुवात हरवलीय.

आता एक फजिती. दोन वर्षांपूर्वी अख्खा अहवाल कंट्रोल-एने सिलेक्ट केला होता, सेव्ह करायला गेलो आणि कंट्रोल नीट दाबलंच गेलं नाही, नुसतं एस. कीबोर्ड इनस्क्रिप्टवर, म्हणजे मराठी टायपिंगच्या मांडणीवर होता, एसच्या जागी एकाराची मात्रा. साठ पानं गायब. कोऱ्या पानावर ठिपक्यांचं एक वर्तुळ आणि त्याच्या डोक्यावर एक मात्रा! शेजारी संस्थेचे सचिव बसलेले. "अहो, हे काय?" म्हणेपर्यंत कंट्रोल-झेड दाबून सगळं परत आणलं, पण त्यांनी पुढचा अर्धा तास स्क्रीनवरची नजर काढली नाही. त्याच संध्याकाळी फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन "टायपिंग रिप्लेसेस सिलेक्टेड टेक्स्ट"ची खूण काढून टाकली. आता सिलेक्ट असताना अक्षर दाबलं गेलं तरी मजकूर जागेवर राहतो. खोडायचं असेल तेव्हा आधी डिलीट दाबावं लागतं, एवढंच.