परफ्यूमच्या बाटलीवर 'टॉयलेट' हा शब्द कसा काय?

तुम्ही विचारलंय की भेट आलेल्या परफ्यूमवर 'ओ द त्वालेत' लिहिलंय, तर हा 'त्वालेत' म्हणजे आपला टॉयलेटच का, आणि असला तर सुगंधाचा नि संडासाचा संबंध काय.

शब्द तोच आहे. फक्त बाटलीवरचा अर्थ जुना, संडासाचा त्यामानाने अलीकडचा. मी फ्रेंच शिकत असताना एका गोष्टीत मांजर 'त्वालेत करत होती' असं वाक्य आलं आणि मी अडले. पुढच्या ओळीत ती पंजा चाटून कानामागून फिरवत होती. म्हणजे ती अंग स्वच्छ करत होती. तेव्हापासून हा शब्द मला फार आवडतो.

मुळात हे कापड. फ्रेंचमध्ये 'त्वाल' म्हणजे कापड आणि 'त्वालेत' म्हणजे छोटं कापड, फडकं. 'त्वाल' आला लॅटिन 'तेला'वरून, आणि तो 'टेक्सेरे' म्हणजे विणणे या क्रियापदावरून. टेक्स्टाइल आणि टेक्स्ट त्याचीच भावंडं. (संस्कृतातला 'तक्षन्', म्हणजे सुतार, हाही भाषाशास्त्रज्ञ याच कुळातला मानतात.)

१६व्या शतकात शब्द इंग्रजीत गेला तो कपडे गुंडाळून ठेवायच्या फडक्यासाठी. पुढे नटण्याच्या मेजावर अंथरायच्या कापडाला ते नाव पडलं. कापडावर आरसा, कंगवे, पावडरीचे डबे, कुप्या मांडलेल्या. मग त्या सामानालाही तेच नाव, मेजालाही तेच, आणि शेवटी केस विंचरून, पावडर लावून, कपडे चढवून तयार होण्यालाही तेच. १८व्या शतकातल्या फ्रेंच उमरावांकडे हे तयार होणं भेटीगाठींचं निमित्त असे. बाई नटताहेत आणि पाहुणे समोर बसून बोलताहेत. बूशे या चित्रकाराचं १७५१ सालचं 'व्हीनसची त्वालेत' हे चित्र जरूर पाहा. त्यात एक चिमुकला पंखवाला देवदूत व्हीनसचे केस सारखे करतो आहे. तुमच्या बाटलीवरचा शब्द हा असा. 'ओ' म्हणजे पाणी. नटताना, आवरताना अंगाला लावायचं सुगंधी पाणी.

या अर्थाचं एक रूप मात्र अंगावर काटा आणतं. गिलोटिनखाली, म्हणजे शिरच्छेदाच्या यंत्राखाली, नेण्याआधी कैद्याच्या मानेवरचे केस कापत, सदऱ्याची कॉलर कापून काढत. त्या तयारीलाही फ्रेंचमध्ये 'त्वालेत'च म्हणत.

डॉक्टरांच्या भाषेत जखमेचं 'टॉयलेट' म्हणजे जखम धुऊन साफ करणं. तिथे जुना अर्थ अजून टिकून आहे.

संडासाचा अर्थ आला तो खोलीमार्गे. आवरण्याच्या खोलीलाही टॉयलेट म्हणू लागले. १९व्या शतकात, विशेषतः अमेरिकेत, त्या खोलीत नळ आणि शौचकूप आले, आणि उघड बोलायला संकोच वाटणाऱ्या गोष्टीला एक सभ्य नाव आयतंच मिळालं. वापरून वापरून त्या नावालाच वास लागला, तेव्हा अमेरिकन लोक 'बाथरूम' नि 'रेस्टरूम' म्हणू लागले.

आपण वेगळं काय केलं? 'शौच' म्हणजे शुद्धता. पतंजलींच्या पाच नियमांतला तो पहिला नियम. आज 'शौचाला जाऊन येतो' म्हणताना कुणाच्या मनात योगसूत्रं येतात? 'परसाकडे' म्हणजे तर नुसतं घरामागे.

फ्रेंचमध्ये मात्र दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. 'ला त्वालेत' हे एकवचन म्हणजे आवरणं, 'ले त्वालेत' हे अनेकवचन म्हणजे संडास. उच्चारात फरक तेवढ्या 'ला' नि 'ले'चाच. बेल्जियममध्ये गेलात तर तिथले फ्रेंच बोलणारे संडासालाही एकवचनच वापरतात. तुमच्या बाटलीवरही एकवचनच आहे, बघा.