जल्लादाची की फासावरच्याची?

प्रश्न असा आला आहे: ‘कॅनडाच्या लोकसंगीतावरचा एक इंग्रजी लेख मराठीत करते आहे. त्यात फिडलवरच्या (लोकसंगीतातल्या व्हायोलिनवरच्या) एका धुनेचं नाव ‘हँगमन्स रील’ असं आहे. मी ‘जल्लादाची रील’ केलं. चालेल का? आणि ही रील म्हणजे आपलं दोऱ्याचं रीळच का?’

आधी जल्लाद काढून टाका. तो इंग्रजीच्या वाटेनं आत शिरला आहे. धून क्युबेकची, म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या कॅनडाची, आणि तिथं तिचं नाव ‘रील द्यू पांद्यू’. ‘पांद्र’ म्हणजे टांगणं, ‘पांद्यू’ म्हणजे टांगलेला. आपल्या गळ्यातलं पेंडंट आणि घड्याळाचा पेंड्युलम याच लॅटिन मुळातून आले. म्हणजे नावात दोर ओढणारा नाही, दोराला लटकणारा आहे. इंग्रजीत ‘हँग्ड मॅन्स रील’ असं बरोबर नावही चालतं, पण ‘हँगमन्स’ जिभेवर सोपं, म्हणून तेच जास्त पसरलं असावं. अशीच अदलाबदल एका खेळातही झाली आहे. अक्षरं ओळखायची आणि चुकलं की फासावरच्या माणसाचा एकेक अवयव काढायचा, हा खेळ आपण शाळेत ‘हँगमन’ म्हणून खेळलो. चित्रात जल्लाद कुठेच नसतो! फ्रेंचमध्ये त्याच खेळाचं नाव ‘ल पांद्यू’.

उच्चाराचं एक सांगण्याजोगं आहे. पॅरिसचा माणूस ‘द्यू पांद्यू’ म्हणेल, पण क्युबेकमध्ये या जागी ‘द’ला घासून ‘ज’ची छटा येते. ती ‘जीव’मधल्या ‘ज’ची नव्हे, ‘जाळं’मधल्या ‘ज’ची. तसाच ‘त’ तिथं ‘चमचा’मधल्या ‘च’कडे झुकतो. हे दोन्ही दंत्य उच्चार आपल्या जिभेवर आयते आहेत, हे मला फार आवडतं. तरी लिहिताना ‘पांद्यू’च ठेवा, वाचणाऱ्याला शोधायला सोपं जाईल.

आता रील. हो, नातं आहे. जुन्या इंग्रजीत ‘ह्रेओल’ म्हणजे सूत गुंडाळायचं साधन. त्यावरून गुंडाळणं, मग गरगर फिरणं, आणि बहुतेक कोशकारांच्या मते त्यातूनच नाचाचं, आणि त्या नाचाच्या धुनेचंही, नाव. स्कॉटिश रीलमध्ये नाचणारे एकमेकांभोवती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे विणत जातात, ते पाहिलं की हे पटतं. हा शब्द नाचासाठी 1591च्या, स्कॉटलंडमधल्या घटनांवरच्या एका पुस्तिकेत सापडतो, आणि तोही विलक्षण जागी: चेटकिणींवरच्या खटल्याच्या हकिकतीत. गेलिस डंकन नावाची मोलकरीण तोंडानं वाजवायच्या छोट्या वाद्यावर, आपल्या मोरचंगासारख्या, ‘रील’ वाजवत नॉर्थ बेरिकच्या चर्चकडे पुढं चालली होती, असं त्यात म्हटलं आहे.

स्कॉटलंडचा शब्द फ्रेंच नावात कसा? 1759 मध्ये ब्रिटिशांनी क्युबेक शहर घेतलं. त्या सैन्यात फ्रेझरची हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या शिपायांची, पलटण होती, आणि 1763 मध्ये ती मोडल्यावर तिच्यातले बरेच शिपाई तिथंच स्थायिक झाले. पुढच्या शतकात आयरिश लोक मोठ्या संख्येनं आले. क्युबेकमधल्या फ्रेंच वादकांनी रील घेतली, नावासकट. धुनेला ते ‘तून’ म्हणतात, तोही इंग्रजी ‘ट्यून’च. उलट ‘झिग’ म्हटलं की क्युबेकमध्ये पायांनी ठेका धरत करायचा नाच डोळ्यांपुढं येतो, आणि तो बहुधा रीलवरच नाचतात. ज्याला इंग्रज ‘जिग’ म्हणेल त्या धुनेला ते तिच्या ठेक्यावरून ‘सिस-ह्युइत’, म्हणजे सहा-आठ, म्हणतात. अनुवादात ही दोन मिसळू देऊ नका.

नावामागची गोष्ट अशी सांगतात: फाशीच्या कैद्याला एक फिडल दिली, वाजवून दाखवलीस तर सुटशील म्हणून. कुणी सांगतात त्यानं आयुष्यात फिडल धरली नव्हती आणि तारा भलत्याच लागल्या होत्या. त्यानं त्या तशाच ठेवून त्यांतून धून काढली. कुणी सांगतात तो मुळातच वादक होता आणि ही त्याची शेवटची इच्छा होती. स्कॉटलंडमध्ये 1700 साली बॅन्फ गावी फाशी गेलेल्या जेम्स मॅकफर्सनबद्दलही फासाखाली फिडल वाजवल्याची गोष्ट आहे, मात्र धून वेगळी.

‘भलत्या तारा’ हे मात्र खरं आहे. व्हायोलिनच्या तारा एरवी जी-डी-ए-ई. या धुनेसाठी त्या ए-ई-ए-सी शार्प लावतात. आपल्या भाषेत सा-प-सा-ग. मी घरच्या व्हायोलिनवर करून पाहिलं: खालच्या दोन तारा एकेक स्वर चढवताना धास्ती वाटते, सगळ्यात वरची मात्र सैल होते. मग मोकळ्या तारांवरून नुसता गज फिरवला तरी खोली भरून जाते. ज्यानं फिडल कधी हातात घेतली नाही त्याला हे वाजवता येईल, ही कल्पना कुठून सुचली असेल ते तेव्हा कळलं.

एकच ‘बरोबर’ पाठ शोधू नका. धून वेगवेगळ्या तुकड्यांची आहे. कोण किती तुकडे घेईल, कोणत्या क्रमानं आणि किती वेळा, हे वादकागणिक बदलतं. काही जण डाव्या हाताच्या बोटानं तार छेडतात. ऐकायची असेल तर जाँ कारिन्यांची ऐका (1916–1988). हा माणूस माँत्रेआलमध्ये टॅक्सी चालवायचा आणि जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन त्याचा चाहता होता.

तेव्हा मराठीत काय लिहायचं? मूळ नाव ‘रील द्यू पांद्यू’ तसंच द्या आणि पुढं अर्थ द्या. ‘फाशी गेलेल्याची’ म्हटलं तर गोष्टीत सुटणारा माणूस आपण मारून टाकतो. आणि अर्थ देताना ‘रील’ हा शब्द नको, कारण ‘ती रील’ म्हटलं की आज मोबाइलवरचा व्हिडिओच आठवतो, आणि ‘ते रीळ’ दोऱ्याचं किंवा सिनेमाचं. मी ‘फासावरच्या माणसाची धून’ असं करेन.