लघवीची जळजळ : गोळी किती दिवस घ्यायची?

प्रश्न : लघवीला जळजळ होत होती. डॉक्टरांनी अँटिबायोटिकसोबत फेनाझोपायरिडिनची गोळी दिली. पहिल्याच गोळीनंतर लघवी केशरी झाली. गोळी बंद करू का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : घाबरू नका, रंग गोळीचाच आहे. आतल्या कपड्यांना लागला तर डाग सहसा निघत नाही, म्हणून पॅड वापरा. कॉन्टॅक्ट लेन्सही रंगतात, तेवढे दिवस चष्माच बरा.

मोठ्या माणसाला एरवी २०० मिलिग्रॅम, दिवसातून ३ वेळा, जेवणानंतर. रिकाम्या पोटी मळमळतं. अँटिबायोटिक चालू असताना ही गोळी २ दिवसांच्या वर नको. ती जळजळ शमवते, जंतू मारत नाही. खरी चूक इथेच होते: दुखणं थांबलं की लोक अँटिबायोटिकही सोडतात आणि संसर्ग उलटतो. तो कोर्स पूर्णच करा.

लघवीचा नमुना शक्यतो गोळीआधी द्या. रंगामुळे पट्टीवरची तपासणी चुकते. आधीच गोळी घेतली असेल तर लॅबमध्ये तसं सांगा.

मूत्रपिंडाचा आजार किंवा जी-सिक्स-पीडीची (तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असेल तर ही गोळी घेऊ नका, डॉक्टरांना लगेच कळवा. डोळे किंवा त्वचा पिवळी दिसली तर गोळी तिथेच थांबवा. थंडी वाजून ताप, कुशीत कळ, उलट्या? त्याच दिवशी दवाखाना गाठा.