सीमेवरचे व्हिडिओ, ग्रुपवरची आग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : भारत-पाकिस्तान तणाव वाढला की सोसायटीच्या ग्रुपवर हल्ल्यांचे व्हिडिओ धडाधड येऊ लागतात. हातात फक्त मोबाइल असताना खरं-खोटं कसं तपासायचं? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : व्हिडिओ स्फोटाच्या क्षणी थांबवू नका. धूर आणि ज्वाळा सगळीकडे सारख्याच दिसतात. इमारत, दुकानाची पाटी, नंबर प्लेट किंवा डोंगराची कड दिसेल तिथे थांबवून तीन-चार स्क्रीनशॉट घ्या. वर-खाली चिकटवलेल्या मथळ्याच्या पट्ट्या कापून टाका, नाहीतर शोध त्या अक्षरांमागेच जातो. मग एकेक चित्र गूगल लेन्सवर (चित्रावरून शोध घेणारी गूगलची सोय) टाका आणि जे सापडेल त्यात सर्वांत जुनी तारीख कोणती ते बघा. मे २०२५ मध्ये ‘बहावलपूरजवळ पाडलेलं राफेल’ म्हणून फिरलेलं छायाचित्र २०२१ साली पंजाबात मोगा इथे कोसळलेल्या मिग-२१ चं होतं. काही जुळलंच नाही, तर चित्र आरशातल्यासारखं उलटवून पुन्हा शोधा. ओळख पटू नये म्हणून ते मुद्दाम उलटवलेलं असू शकतं.

इथे दोन चुका हमखास होतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलची तारीख व्हिडिओची समजली जाते. ती फक्त तुमच्या फोनवर उतरल्याची असते. आणि लेन्सला काही सापडलं नाही म्हणजे व्हिडिओ खरा, असं धरलं जातं. ‘आर्मा ३’ या गेममधली दृश्यं त्याच दिवसांत लढाईची म्हणून फिरत होती. तो गेम बनवणाऱ्या चेक कंपनीनेच २०२२ मध्ये खुणा सांगून ठेवल्या आहेत : रात्रीचं, अस्पष्ट, हलणारं चित्र, बऱ्याचदा आवाज नाही, आणि वावरणारी माणसं जवळजवळ नाहीतच.

केंद्र सरकारशी संबंधित दावा असेल, तर तो पीआयबी फॅक्ट चेकच्या (केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचा बातम्या तपासणारा विभाग) ८७९९७११२५९ या व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावर पाठवता येतो.

प्रश्न : माझ्या एका फॉरवर्डने दोन देशांचं काय बिघडणार? (एक वाचक, सहकारनगर)

उत्तर : डिसेंबर २०१६ मध्ये इस्रायलने पाकिस्तानला अणुहल्ल्याची धमकी दिल्याची बनावट बातमी एका संकेतस्थळावर आली. तीत इस्रायलचे संरक्षणमंत्री म्हणून मोशे यालोन यांचं नाव होतं. त्यांनी ते पद मे महिन्यातच सोडलं होतं. एवढं एक पाहिलं असतं तरी पुरे होतं. पण पाकिस्तानचे संरक्षणमंत्री ख्वाजा आसिफ यांनी ट्विटरवरून इस्रायलला ‘आम्हीही अण्वस्त्रधारी आहोत’ अशी आठवण करून दिली.

याहून घातक गोष्ट म्हणजे खोट्या विजयांनी चढणारी जनता. ८ मे २०२५ च्या रात्री काही भारतीय वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगितलं. बंदर शाबूत होतं. पण ज्याने ते खरं मानलं, त्याला १० मे रोजी लढाई थांबल्याची घोषणा माघारच वाटणार. ती घोषणा करणारे परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यावर शिव्यांचा असा भडिमार झाला, की मिस्रींना एक्सवरचं खातं इतरांसाठी बंद करावं लागलं. सीमेपलीकडेही असेच खोटे विजय साजरे होत होते. थांबणाऱ्यालाच गद्दार ठरवलं जात असेल, तर पुढच्या वेळी थांबायला कोण धजावेल?

पुण्याला याची झळ बसलेली आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये म्यानमारमधल्या हत्याकांडाची म्हणून छायाचित्रं फिरली. त्यांतलं एक २०१० च्या चीनमधल्या भूकंपात मदत करणाऱ्या तिबेटी भिक्खूंचं होतं. याचा सूड म्हणून ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार, अशा अफवा पसरल्या. त्या लाटेत ईशान्येकडचे विद्यार्थी आणि कामगार पुणे, बंगळूर सोडून गाड्या भरभरून गावी निघाले. सरकारला १५ दिवस घाऊक एसएमएसवर बंदी घालावी लागली.

प्रश्न : लोहगावला उतरणाऱ्या लढाऊ विमानांचा मी स्वतः काढलेला व्हिडिओ टाकला तर? तो तर खराच आहे. (एक वाचक, विश्रांतवाडी)

उत्तर : टाकू नका. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. २६ एप्रिल २०२५ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने लष्करी हालचाली थेट न दाखवण्याची सूचना वाहिन्यांबरोबर समाजमाध्यमं वापरणाऱ्यांनाही केली होती. शिवाय खोटा व्हिडिओ बनवायला असाच खरा व्हिडिओ लागतो. मथळा बदलला, सायरन जोडला, की ‘पुण्यावर हल्ला’ तयार. आधीच टाकला असेल तर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ वापरा; व्हॉट्सअ‍ॅपवर त्यासाठी सुमारे अडीच दिवसांची मुदत असते. पुढे गेलेल्या प्रती मात्र त्याने पुसल्या जात नाहीत, म्हणून त्याच ग्रुपवर व्हिडिओ कुठला, कधीचा आणि कशाचा, हे लिहून टाका.