खड्याची सावली पुसली गेली, आता पुढे काय?

प्रश्न : आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. मुलगी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सोनोग्राफीच्या चित्रांतले दोष एआयने काढून टाकायचा प्रोजेक्ट तिने केला. कॉलेजात कौतुक झालं. पण ओळखीच्या रेडिओलॉजिस्टना दाखवला, तर ते हसून म्हणाले, "अगं, तू तर खड्याची सावलीच पुसलीस!" तेव्हापासून तिचं मन उतरलंय. माझे दीर म्हणतात, हा नाद पुरे, आयटीत प्लेसमेंट घ्या आणि पुण्याला पाठवा. या कामात खरंच करिअर आहे का? – एक आई

उत्तर : नमस्कार ताई,

डॉक्टरांचं बोलणं मुलीला लागलं असेल, पण तिला आजवर मिळालेला सगळ्यात कामाचा शेरा तोच आहे. कॉलेजच्या परीक्षकांनी चित्र किती गुळगुळीत झालं ते पाहिलं, डॉक्टरांनी त्यात काय दिसेनासं झालं ते पाहिलं. या क्षेत्रात पगार मिळतो तो दुसऱ्या नजरेला.

तुम्हालाही अंदाज यावा म्हणून थोडं सांगतो. पोटावर जेल लावून फिरवतात त्या प्रोबमधून ध्वनीलहरी आत जातात, आपटून परत येतात आणि यायला किती वेळ लागला त्यावरून मशीन खोली ठरवतं. हे करताना ते बरंच गृहीत धरतं : लहर सरळ रेषेत गेली, एकदाच आपटली, आणि शरीरात सगळीकडे तिचा वेग सेकंदाला १५४० मीटरच होता. शरीर काही एवढं शहाण्यासारखं वागत नाही. चरबीत हा वेग १४५० च्या आसपास असतो, हाडात दुपटीहून जास्त. सलूनमधल्या समोरासमोरच्या आरशांत एकाच माणसाची रांग दिसते, तशी लहरही दोन थरांमध्ये मागेपुढे आपटत राहते आणि नसलेल्या रेघा चित्रात उमटतात. अशा सगळ्या खोटेपणाला आर्टिफॅक्ट म्हणतात.

भरलेल्या मूत्राशयाचं चित्र मुलीला उघडायला सांगा. आत नुसतं द्रव आहे, म्हणजे ते काळंभोर दिसायला हवं. पण वरच्या भिंतीलगत करडं धुकं दिसतं. ते पोटाच्या थरांत आपटत राहिलेल्या लहरींचं. हे धुकं घालवायला हार्मोनिक इमेजिंग वापरतात : एका फ्रिक्वेन्सीची लहर सोडायची आणि तिच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीचा प्रतिध्वनी ऐकायचा. ही दुप्पट फ्रिक्वेन्सी लहर शरीरात पुढे जाता जाता तयार होते. त्यामुळे कातडीजवळच्या थरांत आणि दुबळ्या, भटक्या प्रतिध्वनींत ती फारशी नसते. धुकं पातळ होतं, मूत्राशय तसंच राहतं. ज्याने हे शोधलं त्याने चित्र पुसलं नाही, खोट कुठून येते ते पाहिलं.

आता खड्याकडे येऊ. पित्ताशयातल्या खड्यातून लहर पलीकडे जवळजवळ जातच नाही, म्हणून त्याच्यामागे काळा पट्टा पडतो. तोही आर्टिफॅक्टच. पण हा खडा आहे, पॉलिप म्हणजे आतल्या भिंतीवरची मांसल गाठ नाही, हे डॉक्टर बरंचसं त्या पट्ट्यावरूनच ओळखतात. तुमच्या मुलीच्या प्रोग्रॅमला सावली आणि धुकं यांतला फरक कोणी शिकवलाच नव्हता. दोन्ही दोष म्हणून त्याने दोन्ही साफ केले. गंमत म्हणजे महागड्या मशीनमध्येही हा घोळ होतो. स्पेशियल कंपाउंडिंग नावाच्या सोयीत एकच भाग वेगवेगळ्या कोनांतून पाहून चित्रांची सरासरी काढतात. खरी वस्तू जागची हलत नाही आणि दाणेदारपणा प्रत्येक कोनात बदलतो, म्हणून चित्र स्वच्छ येतं. पण प्रत्येक कोनात सावलीही वेगळ्या दिशेला पडते. सरासरीत ती फिकी होते आणि लहान खडा निसटू शकतो. फुप्फुसाच्या तपासणीत तर बी-लाइन्स नावाच्या उभ्या पांढऱ्या रेघा मोजतात; फुप्फुसात पाणी साठू लागल्याची ती खूण. त्या रेघाही आर्टिफॅक्ट. तिथे चित्र सुधारणाऱ्या या सोयी बंद करून पाहायचा सल्ला देतात.

तेव्हा काय काढायचं आणि काय ठेवायचं हे कळणं, हेच हे करिअर. एआय तिला येतं, चांगलंच आहे, पण ते आता गल्लोगल्ली येतं. लहरींचं भौतिकशास्त्र आणि सिग्नल प्रोसेसिंग पक्कं असलेली मुलं कमी असतात.

तिने प्रोजेक्ट स्क्रीनवरच्या चित्रांवर केला असणार. तिथवर येईतो मशीनने मूळ सिग्नलची बरीच माहिती दाबून टाकलेली असते. तिला कच्च्या डेटावर काम करू द्या. पिकमस नावाचा २०१६ चा डेटा मोफत मिळतो. त्यात एकच दृश्य ७५ कोनांतून घेतलेलं आहे. एका कोनाचं चित्र करायचं, मग ७५ चं, आणि शेजारी ठेवायचं. मग प्रोग्रॅममध्ये १५४० च्या जागी १४५० टाकून बघायचं : ठिपके पसरतात आणि जागा सोडतात. हे स्वतःच्या हाताने एकदा झालं की पुस्तकातली बीमफॉर्मिंगची, म्हणजे परत आलेले प्रतिध्वनी जुळवून चित्र बनवण्याची, पानं आपोआप उलगडतात. नकली शरीरात लहरी सोडून पाहायला फील्ड टू आणि के-वेव्ह हे प्रोग्रॅमही फुकट आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत एवढं करून तिला आणखी खोलात जावंसं वाटलं, तर पुढे जा. कंटाळा आला तर दिरांचं ऐका, त्यात काही कमीपणा नाही.

एक सावधगिरी. उत्साहाच्या भरात जुनं मशीन किंवा प्रोब विकत घ्यायला जाऊ नका. लिंगनिवड रोखण्यासाठी केलेल्या १९९४ च्या कायद्यानुसार नोंदणी नसलेल्याला सोनोग्राफी मशीन विकणंसुद्धा गुन्हा आहे. मशीनवरचं काम नोंदणी असलेल्या संस्थेतच होईल. "सोनोग्राफी टेक्निशियन व्हा" अशा जाहिरातींनाही भुलू नका. आपल्याकडे तपासणी करणं हे पात्र डॉक्टरांचं काम आहे. त्याच रेडिओलॉजिस्टना विचारून, पेशंटची हरकत नसेल तेव्हा, पोटाच्या काही तपासण्या तिने शेजारी बसून पाहाव्यात. गेन, म्हणजे प्रतिध्वनी किती मोठा करून दाखवायचा ते, का वाढवला, प्रोब का तिरका केला, हे विचारावं.

पुढच्या शिक्षणाचं म्हणाल तर तिसऱ्या वर्षातही गेट, म्हणजे एम.टेक.ची प्रवेश परीक्षा, देता येते. २०२० पासून बायोमेडिकलचा वेगळा पेपर आहे, पण तिने इलेक्ट्रॉनिक्सचाच द्यावा, पाया तिथला आहे. सिमरोलला आपल्या इंदूरच्या आयआयटीत बायोमेडिकल इंजिनीअरिंगचा विभाग आहे, म्हणून घर सोडायचं नसेल तर आधी तिथे चौकशी करा. अल्ट्रासाउंडवरच काम करायचं तर आयआयटी मद्रासही पाहा. विभागाच्या नावापेक्षा कोणते प्राध्यापक सध्या यावर काम करतात ते बघून अर्ज करावा.

नोकऱ्यांचं खरं सांगतो : आयटीएवढ्या जागा इथे नाहीत, आणि अल्गोरिदमवरचं काम बहुतेक बंगळूरच्या मोठ्या कंपन्यांत. त्यासाठी एम.टेक. तरी हवंच. बी.टेक.वर शिरायचं तर सर्व्हिस इंजिनीअर किंवा ॲप्लिकेशन स्पेशालिस्ट. दुसऱ्या कामात दवाखान्यांत जाऊन डॉक्टरांना मशीन शिकवायचं, त्यांच्या पेशंटप्रमाणे प्रीसेट, म्हणजे मशीनच्या तयार सेटिंग्ज, बसवून द्यायचे. मला हे काम कमी लेखलेलं दिसतं. बोलकी मुलगी असेल तर दोन वर्षांत ती जे शिकेल, ते लॅबमध्ये बसून शिकायला मिळणार नाही.

दिरांशी वाद घालू नका. कॅम्पसला आयटीच्या कंपन्या येतील तेव्हा तिने अर्ज जरूर भरावा, ऑफर हातात ठेवावी. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. आणि घरात खर्चाचा विषय निघालाच तर सांगा, गेटमधून एम.टेक.ला गेल्यास महिना १२,४०० रुपये स्टायपेंड असतो. राहण्या-जेवणाचं त्यात बहुतेक भागतं, पण घरी पाठवायला काही उरत नाही. तुमच्या घरी ते दोन वर्षं चालणार असेल, तरच या वाटेला लागा.