कोंबडीची पिल्लं शिंकतायत? आधी खुराड्यात अंथरलेलं तूस हुंगून बघा

ताई, घाबरू नका. शिंकणारं, तोंड उघडून श्वास घेणारं पिल्लू आजच वेगळं ठेवा, ऊब द्या. मग खुराड्यात पिल्लांच्या उंचीवर वाकून वास घ्या. डोळे चुरचुरले तर तो ओल्या तुसातल्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया वायू. ओलं तूस काढा, कोरडं पसरा. थंडीच्या भीतीने खुराडं गोणपाटाने पूर्ण बंद करणं ही नवख्यांची नेहमीची चूक. वरून हवा खेळलीच पाहिजे.

- उरलेली माणसांची अँटिबायोटिक्स देऊ नका.
- राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगावरची लासोटा लस वयाच्या पाचव्या ते सातव्या दिवशी, फक्त निरोगी पिल्लांना.
- मान वाकडी, हिरवी विष्ठा किंवा पटापट मरतूक दिसली तर राणीखेत, बर्ड फ्लू दोन्ही असू शकतात. तडक पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मेलेला पक्षी उघड्यावर टाकू नका.